आळीवार कॉम्प्युटर

गावकीने चार कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा त्यातला एकही बंद नव्हता.

विनिताला हे कुणी बोलावून सांगितलं नाही. ते तिला नळावर कळलं. कमळआत्या बादली भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुजी खोली चालली गं. ट्रान्सपोर्टवाल्याला देतात म्हनं. भाऊ बोलत होता."

भाऊ म्हणजे चांगदेव काका. कमळआत्यांचे सख्खे भाऊ, विनिताच्या नवऱ्याचे चुलत काका, आणि गावकीत ज्यांच्या खोकल्यावर चर्चा थांबते ते गृहस्थ. बहीण विधवा होऊन माहेरी आली तेव्हा त्यांनी तिला देऊळ झाडायचं काम दिलं. पुढे कॉम्प्युटरची खोली झाली, तशी तीही तिच्याच वाट्याला आली.

"का देतात?" विनिताने विचारलं.

"कॉम्प्युटर बाद झालं म्हनं."

विनिता भरलेला हंडा तिथेच ठेवून निघाली.

खारबावच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला हे गाव आहे. पूर्वी मिठागरं आणि भातशेती. आता चारी बाजूंनी पत्र्याची गोदामं. भात गेल्यावर भात सोसायटी गेली आणि तिची खोली उंदरांना राहिली. एका गोदामाच्या कंपनीने कधीतरी चार वापरलेले कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर गावाला दिला, सरपंचाबरोबर फोटो काढला आणि त्यानंतर तोंड दाखवलं नाही. कॉम्प्युटर खोक्यांतच पडून होते. ते विनिताने बाहेर काढले.

ती मूळची दिघाशीची. बारावी झाली आणि लग्न झालं. बी.ए.चं पहिलं वर्ष बाहेरून केलं, दुसऱ्या वर्षी पोटात मूल होतं. मग गोदामात लागली. हातात पिस्तुलासारखं यंत्र धरून दिवसभर खोक्यांवरच्या रेघा वाचायच्या, उभ्याने. एकदा कॉम्प्युटरच्या टेबलावरचा मुलगा नोकरी सोडून गेला. साहेबाने विनिताला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, दोन दिवस सांभाळ. तिने ते काम सहा वर्षं केलं. पगार उभं राहणाऱ्यांचाच मिळाला. पुढे कंपनीने बायकांची गाडी बंद केली आणि ड्युटी रात्रीची लावली. तिने यंत्र परत केलं.

आपल्याला जे उभ्याच्या पगारावर शिकावं लागलं ते पोरींना बसून शिकता यावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने उंदरांची बिळं बुजवली. रामनाथने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, फोर्कलिफ्टची पाळी संपवून येऊन वायरिंग केलं. पोरी आल्या. मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करायला त्या पूर्वी भिवंडीलाच जाऊ शकल्या असत्या, आणि भिवंडीला जायचं म्हणजे कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकलेली, वर काळोख. घरचे म्हणायचे, नको. गावात खोली झाल्यावर त्यांना नको म्हणायला कारण उरलं नाही.

आता ते कारण चांगदेव काकांनी शोधून काढलं होतं.

ते ओट्यावर बसले होते. आजूबाजूला चार माणसं. विनिता पायरीशी उभी राहिली.

"काका, कॉम्प्युटर चालू आहेत."

"चालू हायेत. पन बाद हायेत."

"चालू आणि बाद एकाच वेळी कसे?"

"तुज्या सासऱ्याचा बैल पन चालायचा. शर्यतीत धरला का कोनी?"

माणसं हसली. काकांनी मोबाइल पुढे केला. त्यात खोलीतल्याच एका पडद्याचा फोटो होता. नवी विंडोज या मशीनवर चालणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. विनिताने तो मजकूर पूर्वीच वाचला होता. मशीन जुनं, त्यातली एक चिप हवी तशी नाही, म्हणून नवी आवृत्ती बसणार नाही. आणि जुन्या आवृत्तीला कंपनी आता सुरक्षेची डागडुजी पाठवणार नाही. मशीनने काय गुन्हा केला होता? काल टायपिंग होत होतं, आजही होत होतं. कुठेतरी कुणीतरी एक तारीख ठरवली आणि ती तारीख उलटली.

"कंपनीच सांगते बाद," काका म्हणाले. "आपुन कोन?"

"मग विंडोज काढते. दुसरं टाकते. लिनक्स असतं. फुकट असतं. आमच्या गोदामाच्या गेटवर ह्याच्याहून म्हातारं मशीन त्याच्यावर चालायचं."

काकांनी बाजूच्या माणसाकडे पाहिलं. तो खांदे उडवून मोकळा झाला.

"टाक. पन आपल्या पोरांना विचारून टाक. तुला काय कलतं त्यातलं."

हे त्यांनी प्रेमाने सांगितलं. तेच जास्त लागलं.

पोरं म्हणजे दोघं. वरच्या आळीचा कुणाल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. खालच्या आळीचा विपुल भिवंडीत लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात. विनिताने दोघांना खोलीत बोलावलं, चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला. आजवर फक्त विंडोज पाहिलेल्या, अजून शिकणाऱ्या पोरींना सोपं जाईल असं लिनक्स कुठलं?

लिनक्स एकच नसतं, त्याची शेकडो वाणं असतात, आतला गाभा एक आणि वरची मांडणी वेगळी, हे तिने फोनवर वाचलं होतं. म्हणून तर प्रश्न इतका जपून विचारला. तो दोघांनीही शेवटपर्यंत ऐकला नाही.

"आर्च," कुणाल म्हणाला. "वहिनी, दुसरं नावच घेऊ नका. सगळं आपल्या हाताने बसवायचं. बसवता बसवता माणूस शिकतो."

"पोरींना टायपिंग शिकायचंय, कुणाल."

"तेच तर. आधी सिस्टम समजली पाहिजे."

विपुल हसला. "ह्याने अपडेट मारला की हा दोन दिवस कॉलेजला जात नाय. वहिनी, काली टाका. एकदम प्रो. हॅकर लोक तेच वापरतात."

"इथे कुणाला हॅक करायचंय?"

"करायचं नाय. पन असावं."

विनिताने फोन उघडून त्याला दाखवलं. काली बनवणारे स्वतःच लिहीत होते की हे सुरक्षेची तपासणी करणाऱ्या जाणकारांसाठी आहे, नवशिक्यांनी यावरून सुरुवात करू नये.

"ते असंच लिहितात," विपुल म्हणाला. "लोकांनी घाबरावं म्हणून."

मग दोघं एकमेकांशी बोलू लागले. बोलण्याचं भांडण झालं. भांडण फोनवरच्या ग्रुपात गेलं आणि ग्रुपातून आळीत. दोन दिवसांत ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, त्यांनाही आपला पक्ष कळला. वरची आळी आर्चची. खालची आळी कालीची. विनिताचा प्रश्न खोलीतच राहिला, चहाच्या रिकाम्या कपांबरोबर.

या गावात सगळं आळीवार असतं. होळ्या दोन लागतात. लग्नातली मोठी तांब्याची भांडी अर्धं वर्ष वर, अर्धं वर्ष खाली. पालखीला पिंपळापर्यंत वरच्या आळीचा खांदा, पिंपळापुढे खालच्या. त्यामुळे मारामाऱ्या टळतात असं जुनी माणसं सांगतात आणि ते खरंही असेल. चांगदेव काकांनी तोच न्याय लावला. भांडण नको. चार कॉम्प्युटर, दोन आळ्या. दोन तुमचे, दोन आमचे. ज्याला जे टाकायचं त्याने ते टाकावं.

गावकी खूश झाली. इतका समतोल निर्णय बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. ज्या बाईला त्या चार मशिनींवर रोज शिकवायचं होतं, तिला एका शब्दानेही विचारलं गेलं नाही.

रविवारी पोरांच्या दोन टोळ्या आल्या. गाणी लावली. सरबत मागवलं. संध्याकाळपर्यंत चारही मशीन पुसून नवी केली, स्टेटसला फोटो टाकले आणि गेली. सोमवारी विनिताने खोली उघडली. डाव्या भिंतीकडच्या दोन पडद्यांवर कालीचा, काळ्यात निळा ड्रॅगन. उजवीकडच्या दोन पडद्यांवर, कुणालच्या आर्चवर, काहीच नाही, नुसता एक डोंगर. ना बटण, ना पट्टी.

पोरींच्या फायली नव्हत्या. कित्येक महिन्यांचे सरावाचे उतारे गेले होते.

तिने कुणालला फोन लावला.

"बॅकअप घ्यायचा असतो, वहिनी," तो म्हणाला.

"कुणी?"

"ज्याचं असेल त्याने."

"ज्यांचं होतं त्यांना तुम्ही रविवारी येताय हे माहीत होतं का?"

तो म्हणाला, "लेक्चर आहे," आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस कसे गेले ते विनिताला आठवायलाही नको वाटतं. कुणालच्या मशिनींवर उंदराचा, म्हणजे माउसचा, उपयोग नव्हता, सगळं कळांच्या जोड्या दाबून उघडायचं, आणि त्या जोड्या कुणालच्या डोक्यात. टायपरायटरच्या वळणाचा जो मराठी कळफलक परीक्षेला लागतो, तो चारपैकी एकाही मशीनवर नव्हता. तो बसवायचा तर मुख्य पासवर्ड हवा. पासवर्ड आळीकडे. वरच्या आळीचा कुणालकडे, खालच्या आळीचा विपुलकडे. शिकवणाऱ्या बाईला फक्त मशीन उघडण्यापुरता दिला होता, पाहुण्याला पाणी द्यावं तसा.

"मला द्या ना तो," तिने विपुलला सांगितलं.

"वहिनी, तुम्ही वरच्या आळीच्या सून. मना खाली सगळे खातील."

त्याला स्वतःला ते हास्यास्पद वाटत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी दिला नाही.

आणि मग भाविकाचा दिवस आला.

भाविका खालच्या आळीची. टायपिंगचा वेग सगळ्यांत चांगला. परीक्षा पास झाली तर पुढे सरकारी कारकुनाच्या जागेसाठी धडपडता येईल, नाही झाली तर घरात स्थळं तयारच होती. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. दाखवायची गरज नव्हती. परीक्षा जवळ आली होती आणि गेला आठवडा तिची बोटं नुसती मांडीवर चालत होती. त्या दिवशी ड्रॅगनच्या एका मशीनचं इंटरनेट लागेना, दुसरं अर्ध्यावर अडकून बसलं. विपुल दुकानात, फोन उचलत नव्हता. उजवीकडच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. विनिताने वही चाळून कुणालकडून कशाबशा उतरवून घेतलेल्या दोन कळा शोधल्या आणि इंग्रजी तर इंग्रजी, निदान बोटं चालू राहतील म्हणून भाविकाला तिथे बसवलं.

जेमतेम एक परिच्छेद झाला असेल. खिडकीतून कुणीतरी डोकावून गेलं. लगेच विनिताचा फोन वाजला. ग्रुपात कुणाच्यातरी नावाने आलं होतं, वरच्या आळीच्या मशीनवर खालच्या आळीचं कोण बसलंय? खाली लगेच तीन-चार अंगठे.

भाविकाने ते पाहिलं नव्हतं. तिला कळलं मात्र. ती आपणहून उठली. खुर्ची आत सरकवली.

"राहू दे मॅडम. घरी भांडण होईल."

"बस तू."

"नको. खरंच नको."

तिने ओढणी सारखी केली, चपला घातल्या आणि गेली. रडली नाही, चिडली नाही. रिकामी खुर्ची, चालू कॉम्प्युटर, शिकायला आलेली मुलगी, आणि मधे एक आळी. जणू पाण्याची पाळी चुकली म्हणून हंडा उचलून घरी जावं, इतकं साधं. विनिताला वाटलं होतं आपण ओरडू. ती त्या डोंगराच्या चित्राकडे बघत बसली. फुकट मिळणारी, जगात कुणालाही वापरायला मोकळी असलेली वस्तू. तिलाही या गावाने कुंपण घातलं होतं.

घरी रामनाथ जेवत होता. तिने सगळं सांगितलं.

"उद्या प्रिंटरलापण आळी लावतील," तो म्हणाला. "काळी शाई वरची, रंगीत खालची."

ती हसली नाही. "मला दोन पेनड्राइव्ह आणून दे."

"कुठल्या आळीचे?"

"रामनाथ."

"आणतो. आणतो."

यावेळी तिने कुणालाच विचारलं नाही. प्रश्न तिचा होता, उत्तर तिनेच शोधायचं ठरवलं. तिने वाचलं होतं की पुष्कळशी लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतात, आतलं काही न पुसता. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढायचा, मशीन जसंच्या तसं. पोरांनी तरी एवढं केलं असतं! पण चव बघून मीठ घालायची सवय स्वयंपाक करणाऱ्यांना असते.

आधी तिने उबंटू लावून पाहिलं, कारण ते नाव सगळ्यांत जास्त ऐकलेलं. वाईट नव्हतं. पण या जुन्या मशिनींना ते जड गेलं आणि त्याची बटणांची पट्टी डाव्या कडेला उभी. पोरींचं सगळं बळ पट्टीची ओळख करून घेण्यात गेलं असतं. मग तिने मिंट लावलं, त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. खाली आडवी पट्टी, डाव्या कोपऱ्यात सुरुवातीचं बटण, उजवीकडे घड्याळ. प्रिंटर त्याने स्वतःच ओळखला. पुढची काही वर्षं त्याला सुरक्षेची डागडुजी मिळत राहणार होती. टायपरायटरचा कळफलक शोधून बसवावा लागला, त्यात तिचा अर्धा दिवस गेला, पण बसला.

तिला आवडलं. आणि तिथेच ती थांबली. कुणाललाही आर्च आवडलंच होतं. विपुललाही काली आवडलंच होतं. आपल्याला आवडलं म्हणून ते नवख्याला सोपं, ही चूक तीही करू शकत होती. गोदामात कॉम्प्युटरसमोर सहा वर्षं बसलेली बाई नवखी नव्हे.

कमळआत्या खोली झाडत होत्या.

"आत्या, जरा बसा इथे."

आत्यांनी खुर्चीला हात लावण्याआधी विचारलं, "कंच्या आलीचा यो?"

"बसा हो तुम्ही."

आत्या चौथी शिकलेल्या. वाचता यायचं, सावकाश. बाहेरच्या नळावर लोक मासळी धुवायचे आणि खवले त्यांना काढावे लागायचे, ही त्यांची मोठी तक्रार होती. विनिताने एका पेनड्राइव्हवर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून ठेवली होती, नळावर मासळी धुवू नये. आत्यांनी ती उघडायची, छापायची आणि मशीन बंद करायचं. विनिता मदत करणार नाही.

पहिलं मशीन ड्रॅगनचं.

"या शेपटीवाल्याला काय म्हनायचा?"

"त्याला काही म्हणायचं नाही. चिठ्ठी शोधा."

आत्यांनी वर दाबलं. हॅकिंगच्या हत्यारांची भलीमोठी जंत्री उघडली. आत्यांनी ती पूर्ण वाचायचा प्रयत्न केला. "यात माजी चिठ्ठी कुठं हाय?" शेवटी सापडली, पण प्रिंटर तिथे लावलेलाच नव्हता.

मग कुणालचं मशीन. आत्यांनी उंदीर सगळ्या डोंगरावर फिरवून आणला.

"दाबायचं कुठं?"

"दाबायचं नसतं. कळा पाठ करायच्या."

"मंग ज्याला पाठ हायेत त्याला बोलव."

तिसऱ्यावर विनिताने मिंटचा पेनड्राइव्ह लावून ठेवला होता. चिठ्ठीचा पेनड्राइव्ह आत गेला तसं त्याचं चित्र पडद्यावर आलं. आत्यांनी त्यावर एकदा दाबलं. काही झालं नाही. रागाने पटपट दोनदा दाबलं. उघडलं. छापायचं बटण शोधायला वेळ लागला, पण प्रिंटरचं चित्र ओळखलं, कारण प्रिंटर त्या रोज पुसायच्या. कागद कुरकुरत बाहेर आला. बंद करायला त्या सरळ डाव्या कोपऱ्यात गेल्या.

"तिथे कसं कळलं?"

"पोरी जाताना हितंच दाबायच्या की. मी काय आंधली हाय?"

कागद घेऊन त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी तो नळाच्या वर चिकटवला. आत येऊन पुन्हा झाडू उचलला. आपण कशाची परीक्षा दिली हे त्यांना कळलं नाही आणि विनिताने सांगितलं नाही. तिला संताप आला होता. एवढंच तर करायचं होतं. कधीही कॉम्प्युटर न वापरलेल्या एका माणसाला खुर्चीत बसवायचं आणि गप्प राहून बघायचं. दोन आळ्या, एक गावकी, एक इंजिनीअरिंग आणि एक दुरुस्तीचं दुकान, यांतल्या कुणालाही हे सुचलं नाही. कारण त्यांच्यापैकी कुणासाठीही हे पोरींचं नव्हतंच.

मुख्य पासवर्ड तिच्याकडे नव्हता. पण सगळं पुसून नवं टाकायचं तर जुना पासवर्ड लागत नाही.

तिने प्रत्येक मशीन आधी उघडून पाहिलं, कुणाचं काही राहायला नको. ड्रॅगनवाल्यांवर काही नव्हतं. कुणालच्या दोन्हींवर कुणालच्या डोंगरांखेरीज काही नव्हतं. ते डोंगरही तिने पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. मग एकेक करत चारही मशीन पुसली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाविका उजवीकडच्या मशीनवर मराठी उतारा टाइप करत होती आणि तिच्या शेजारी वरच्या आळीची मुलगी तोच उतारा.

गावकी त्याच आठवड्यात बसली.

देवळाच्या मंडपात पुरुष बसतात. बायका आल्याच तर बाहेर पायऱ्यांवर, आणि सुना सहसा येत नाहीत. विनिता आली. मंडपात चढली नाही, कडेला उभी राहिली. पायऱ्यांवर कमळआत्या आणि आणखी दोघी-तिघी होत्या.

"कोनाला विचारून पुसलंस?" काकांनी विचारलं.

"तुमचं टाकताना मला कुणी विचारलं होतं?"

"गावकीने ठरवला होता."

"गावकीने कॉम्प्युटर वाटले. पोरी नाही वाटल्या. त्या आता कुठल्याही खुर्चीत बसतात."

कुणाल खांबाला टेकून उभा होता. "वहिनी, माझी अख्खी सेटिंग उडवलीत. किती रात्री घातल्या होत्या."

"डोंगर आहेत माझ्याकडे. घेऊन जा. आणि पोरींचे उतारे तुझ्याकडे असतील तर दे."

विपुल मागे कुठेतरी होता. त्याने एकदाच तोंड उघडलं. "मिंट पन चांगला हाय तसा," म्हणाला, आणि खालच्या आळीच्या चार माणसांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

"आलीचा मान काढलास तू," काका म्हणाले. "दोन्ही आल्यांचा."

"मान कॉम्प्युटरमध्ये नव्हता, काका. मी उघडून बघितलं होतं. असता तर पुसायच्या आधी उतरवून ठेवला असता."

मागे कुणीतरी हसलं आणि हसण्याचा खोकला केला. काकांनी तो थांबेपर्यंत वाट पाहिली. मग त्यांनी मोठ्या समजूतदारपणे हात फिरवला.

"ज्यांच्या पोरी जातात त्यांनी बोला. खोली हवी का नको? गावाचं भाडं बुडतंय. बोला."

विनिताने पाहिलं. तिथे निदान सात बाप होते. सातही जणांच्या पोरी तिच्याकडे यायच्या. एकाने मिशीवरून हात फिरवला. एक वर टांगलेल्या घंटेकडे बघत होता. भाविकाच्या बापाने खिशातून फोन काढला आणि त्यात काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखा वाचू लागला. पोरगी घरी येऊन आज माझा वेग वाढला म्हणते, तेव्हा हाच माणूस शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलतो. विनिताला ते माहीत होतं. तिला चांगदेव काकांचा इतका राग आला नाही जितका त्या फोनचा आला.

"पोरी जातात," पायऱ्यांवरून कमळआत्या म्हणाल्या. "बापांना काय ठावं."

"तू गप गं," काका म्हणाले.

"गप हाय. तुलाच बोलायचा होता म्हनून इचारलंस, मना वाटला लोकांना इचारलंस."

बायका पदराआड हसल्या. काकांचा चेहरा जरा बदलला. बहिणीला मंडपात उत्तर देणं त्यांना शोभलं नसतं, आणि न देणंही शोभत नव्हतं. त्यांनी बाजूच्या माणसाच्या कानात काही विचारलं, त्याने काही सांगितलं, आणि निर्णय झाला. परीक्षा होईपर्यंत खोली राहील. परीक्षा झाली की ट्रान्सपोर्टवाला. गावकी मोठ्या मनाची आहे.

"झालं ना तुज्या मनासारखं?" काकांनी विचारलं.

"नाही," विनिता म्हणाली. "ह्या पोरींनंतर दुसऱ्या पोरी आहेत. त्यांची परीक्षा पुढल्या खेपेला आहे."

"ते बघू तेव्हा."

"मी तेव्हाही येईन."

काकांनी पुढचा विषय घेतला. तो स्मशानाच्या पत्र्याचा होता.

रामनाथ बाहेर मोटरसायकलवर बसून होता. "काय झालं?" त्याने विचारलं.

"दया झाली," ती म्हणाली. आणि मागे बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. परीक्षा कधी आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगूनच पाठवलं होतं. खोलीत चारही खुर्च्या भरलेल्या होत्या आणि चौघींच्या मागे आणखी पाच जणी पाळीसाठी उभ्या होत्या. आळीची पाळी नव्हे, आपापली. कळांचा एकसारखा आवाज चालला होता. तो माणूस दारात थबकला, मग टेपचं टोक उंबऱ्यावर टेकवून आत यायला निघाला.

"मॅडम, दो मिनट. बस नाप लेना है. टेबल किधर बैठेगा देखना है."

भाविकाची बोटं थांबली. तिच्या पाठोपाठ बाकीच्यांची.

विनिता उठली. दारात जाऊन उभी राहिली, अशी की त्याला आत यायचं तर तिला हलवावं लागेल. तिने खाली वाकून टेपचं टोक उंबऱ्यावरून उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"नाप बाहर से लो, भाऊ," ती म्हणाली. "भिंतीची जाडी वजा करा. आत वर्ग चालू आहे."

आणि मान न वळवता मागे म्हणाली, "कुणी थांबायला सांगितलं? चला. नवा परिच्छेद."